केळी लिस्टला आली का?

"गोल्ड एक लॉट घ्या. चालू भावानं."

फोनवरचा आवाज घाईत होता. मागे कोणीतरी पत्र्यावर ठोकत होतं, आणि त्या ठोकण्यावर आवाज चढवून तो माणूस बोलत होता.

जळगावच्या नवीपेठेत, दुसऱ्या मजल्यावर, वायदे बाजाराचं एक लहानसं ऑफिस होतं. तिथे चार पडद्यांसमोर भूमिका बसायची. पडद्यांवर दिवसभर अक्षरं लुकलुकायची. लाल झाली की भाव पडला, हिरवी झाली की चढला. सोनं, चांदी, कापूस, कच्चं तेल, सगळ्या दुनियेची मालमत्ता तिथे चार-सहा अक्षरांत आटोपलेली. त्या अक्षरांना चिन्ह म्हणतात. गिऱ्हाइकानं चिन्ह सांगायचं, भूमिकानं ते जसंच्या तसं परत म्हणायचं, गिऱ्हाइकानं 'कन्फर्म' म्हणायचं आणि मगच तिनं बटण दाबायचं. हा नियम होता, आणि तो पाळला जातो की नाही हे कळावं म्हणून प्रत्येक फोन रेकॉर्ड होत होता.

"आपला कोड?"

"पी एकशे सतरा. हेमराज पाटील, पारोळा."

"गोल्ड, एक लॉट, चालू भाव. म्हणजे एक किलो. कन्फर्म?"

पलीकडचं ठोकणंसुद्धा थांबलं.

"...किलो?"

"एक किलो."

"माय व! माले तर एक ग्रॅम पाहिजे व्हतं!"

भूमिकाला हसू आलं. ते तिनं ओठातच धरलं, कारण हसणंही रेकॉर्ड होतं.

"गोल्ड म्हटलं की किलो. गोल्ड-एम म्हटलं की शंभर ग्रॅम. एका ग्रॅमचं चिन्ह वेगळं आहे. गोल्ड-पेटल. पेटल म्हणजे पाकळी."

"पाकळी," तो हळूच म्हणाला. "आईला आखाजीला द्यायचं होतं. खातं मामाच्या जिनिंगचं आहे, पैसे पडलेलेच असतात... तुम्ही विचारलं नसतं तर आज मामानं मला कापसाच्या गाठीत दाबून प्रेस केलं असतं."

"मग पेटल, एक लॉट. कन्फर्म?"

"कन्फर्म. आणि... उपकार शे तुमचे."

फोन ठेवल्यावर भूमिकानं पुढचे तीन फोन घेतले. तिन्ही वेळा तिच्या कानात ते 'उपकार शे' वाजत राहिलं.

*

अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली, झोके उतरले, आणि पी एकशे सतराचे फोन वाढले.

हेमराज पारोळ्याला मामाच्या जिनिंगचा, कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचा, कारभार बघायचा. कापसाचा भाव त्याच्या मोबाइलवर क्षणाक्षणाला दिसत होता, तरी तो फोन करून विचारायचा. भूमिका सांगायची. मग तो आणखी एखादं चिन्ह विचारायचा. जस्त. शिसं. मेंथा तेल.

"मेंथा तेल घ्यायचं आहे का?" एकदा तिनं विचारलं.

"नाही. पण त्याचा भाव सांगायला तुम्हाला वेळ लागतो."

भूमिकानं मान वर करून पाहिलं. काचेपलीकडे कामिनी मॅडम, ऑफिसच्या मालकीण, चहात बिस्किट बुडवत होत्या. दर शनिवारी त्या आठवड्याचे फोन ऐकायच्या. भूमिका कोरड्या आवाजात म्हणाली, "आणखी काही?"

"केळीचा भाव?"

"केळीला चिन्ह नाही."

"का बरं? एवढे यावल-रावेरचे ट्रक दिल्लीला जातात."

"केळी टिकत नाही. महिनाभर गोदामात राहील त्याचाच वायदा होतो. आमच्या घरी केळीच आहे, म्हणून सांगते. सकाळी कापली की संध्याकाळी गाडीत हवी. ती कशी येणार लिस्टला?"

"येईल," तो म्हणाला. "मी रोज विचारत जाईन."

आणि खरंच तो रोज विचारू लागला. कापसाचं बोलून झालं की जरासं थांबायचा... आणि मग यायचं ते वाक्य.

"केळी लिस्टला आली का?"

"नाही आली."

"बरं. उद्या बघतो."

एवढंच. शनिवारी ऐकणाऱ्याला त्यात काय सापडणार? पण दिवसात हे चार शब्द झाले नाहीत तर भूमिकाचा चहा तसाच राहायचा, वर साय धरायची. ती बांगडी फिरवत बसायची. मध्येच उठून पंख्याचं बटण बघायची, पुन्हा बसायची. फोन वाजला की हात आधी जायचा, मग मन पोचायचं.

भाद्रपदात एकदा त्याचा फोन आला तो घाबराघुबरा.

"आमचा स्वप्नील, मामाचा पोरगा, कुठलंसं डिजिटल नाणं घ्यायला बसला आहे. म्हणतो, हेच ते प्रसिद्ध नाणं, अक्षरं बघ, तीच आहेत! घेऊ देऊ का?"

"आमच्याकडे नाणी नसतात. पण अक्षरांवर जाऊ नका," भूमिका म्हणाली. "आमच्या बाजारात चिन्ह एक्सचेंज देतं, एका चिन्हाला एकच जिन्नस. नाण्यांना असा कोणी धनी नाही. कोणीही उठून नाणं काढतो आणि हवी ती तीन अक्षरं लावतो. एकाच अक्षरांची चार-चार नाणी फिरतात. त्या नाण्याचा लांबलचक पत्ता असतो, आकडे-अक्षरांचा. तो जुळवून बघा. नुसत्या नावावर हो म्हणायचं नाही, कधीच."

"असं आहे होय! मग आमच्या गल्लीसारखंच शे की. पारोळ्याला एकाच गल्लीत तीन हेमराज पाटील. माझं लाईटबिल दुसऱ्याकडे जातं, त्याच्या एलआयसीची पत्रं माझ्याकडे. एकदा तर तिसऱ्याच्या सासरवाडीचा फराळ आम्ही खाऊन बसलो!"

ह्या वेळी भूमिकाला हसू आवरलं नाही. चांगली खळखळून हसली.

शनिवारी कामिनी मॅडमनी तिला आत बोलावलं. "तो पी एकशे सतरा," त्या म्हणाल्या, "कापूस फार विचारतो आणि विकतो फार कमी."

"हो मॅडम."

"आणि केळीचं काय आहे ते?"

"काही नाही मॅडम. चौकशी."

"हं," मॅडम म्हणाल्या. "पाच महिन्यांची चौकशी."

भूमिकाच्या समोरच्या पडद्यावर एक बटण होतं. ते दाबलं की पी एकशे सतराचा फोटो, पत्ता, वय, वडिलांचं नाव, सगळं उघडलं असतं. तिनं ते कधी दाबलं नाही. गिऱ्हाइकाची माहिती कामाशिवाय बघायची नाही हा नियम होताच. पण खरं कारण दुसरं होतं. आवाजाला चेहरा मिळाला की तो चेहरा आपला राहील का, ही धाकधूक.

*

दिवाळीनंतर कापूस सुरू झाला. जिनिंग रात्रंदिवस चालू, आणि हेमराजचे फोन तुटक झाले. मागे यंत्राचा एवढा गोंगाट की केळीचा प्रश्न ओरडून विचारावा लागायचा. कधी तोही राहून जायचा. भूमिका आठवडाभर जळगावात सुनंदाआत्याकडे राहायची आणि शनिवारी संध्याकाळी साकळीला घरी जायची. बसमध्ये खिडकीपाशी बसून ती मनातल्या मनात जुने फोन पुन्हा वाजवायची. चोपडा-यावल रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा पळत असायच्या, आणि तिचं मन त्याच्याही पुढे पळायचं.

अशाच एका रविवारी सुनंदाआत्याचा फोन आला, आणि पाठोपाठ मोबाइलवर मुलाची माहिती आली. वर फोटो. खाली ठळक अक्षरांत: हेमराज पाटील. मूळ गाव पारोळा.

भूमिकाच्या हातातलं पीठ परातीत पडलं.

फोटोतला मुलगा उंच होता, डोळे शांत होते. हाच! हेच ते डोळे... किलो ऐकून विस्फारलेले. किती गुपचूप सगळं जमवून आणलं यानं! फोनवर अक्षर नाही बोलला.

"नोकरीवाला शे म्हने पोरगा," आई लताबाई चुलीपासून म्हणाल्या. "काय सांगू आत्याले?"

"हो सांग," भूमिका म्हणाली.

एवढं पटकन? लताबाईंनी वळून पाहिलं. वर्षभर नाही-नाही म्हणणारी पोरगी! पण भूमिका फोटोकडेच बघत होती. खाली आणखी सात ओळी होत्या. त्यांच्यावर तिचं बोट सरकलंच नाही. 'नुसत्या नावावर जाऊ नका' असं दिवसातून वीस वेळा लोकांना सांगणारी ही मुलगी... नावापाशीच थांबली.

तो आठवडा कसा गेला विचारू नका. मंगळवारी त्याचा फोन आला. तोच आवाज, तोच कापूस. रविवारच्या पाहण्याच्या कार्यक्रमाबद्दल चकार शब्द नाही. रेकॉर्ड होतंय म्हणून! किती जपतो हा माणूस, तिला वाटलं. तिनंच आडून विचारलं.

"तुम्हाला... भरीत आवडतं का?"

"भरीत कोणाला आवडत नाही? का हो?"

"असंच. रविवारी आमच्याकडे भरीत आहे."

"मजा शे तुमची. मला रविवारी धुळ्याला जावं लागेल, गाठींच्या कामाला."

"हो का!" भूमिका हसली. "धुळ्याला! जा, जा. सांभाळून जा."

"हसताय का?"

"काही नाही. धुळ्याचा रस्ता फार लांबून जातो, नाही?"

तो गोंधळला. तिला तो गोंधळही नाटकच वाटला, आणि ते नाटक फार आवडलं.

*

रविवारी तुरीच्या वाळल्या तुरकाट्यांवर वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी झाल्या. पाहुणे आले. भूमिका पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली तेव्हा फोटोतला मुलगा खुर्चीत बसला होता. तसाच उंच, तसेच शांत डोळे. तिनं पेला पुढे केला.

"थँक यू," तो म्हणाला.

दोनच शब्द.

हा आवाज नव्हे.

सर्दी झाली असेल. लाजत असेल. माणसांत बसल्यावर आवाज बदलतो... ती स्वतःला समजावत राहिली. मग मोठ्यांनी दोघांना मागच्या अंगणात पाठवलं. शेवग्याच्या शेंगा वाऱ्यावर हलत होत्या. तो सभ्यपणे दोन हात लांब उभा राहिला. भूमिकानं पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. आणि विचारलं.

"केळी लिस्टला आली का?"

"कोणत्या लिस्टला?" त्यानं विचारलं.

संपलं. ती विहिरीच्या काठाला टेकली.

"तुम्ही... जिनिंगमध्ये नाही?"

"मी नरडाण्याला असतो. कंपनीत, क्वालिटीला. माहितीत लिहिलंय तसं." तो जरा थांबला. तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता त्याला काहीतरी उमगू लागलं. "जिनिंगवाला हेमराज वेगळा. गल्लीच्या तोंडाशी राहतो. मी आतला."

भूमिकाचे डोळे भरून आले. "चूक माझी आहे. मी नाव वाचलं आणि... खाली वाचलंच नाही. तुमचा काही दोष नाही. मला लाज वाटते."

त्यानं शेवग्याकडे पाहिलं. मग हसला. हसू खरं होतं, जरासं दुखरंही.

"लहानपणापासून त्याचं टपाल माझ्याकडे येतं," तो म्हणाला. "मी नेऊन देतो. सवय आहे. हेही देऊ का नेऊन?"

"नको," भूमिका डोळे पुसत म्हणाली. "हे मी देते."

"मग लवकर द्या. आमच्या घरच्यांना तुम्ही पसंत पडलात. गुरुवारी सुपारी फोडायचं बोलतायत आत. बुधवारपर्यंत मी गप्प बसतो."

पाहुणे गेले. गुरुवार ठरला. भूमिकाचे वडील सुपडूआबा खुशीत बागेकडे निघाले, तर मागून भूमिका. केळीच्या दोन ओळींमधून चालताना तिनं सगळं सांगितलं, गोल्ड-पेटलपासून शेवग्यापर्यंत. आबा ऐकत होते. एक वाळलेलं पान त्यांनी कोयत्यानं उतरवलं, दुसरं उतरवलं.

"मंग त्या जिनिंगवाल्याले इचारलं का तू?"

"नाही."

"तो तुह्याशी लगन करतो म्हने का?"

"तसं... नाही म्हणाला कधी."

"मंग काय म्हने?"

"केळी लिस्टला आली का, म्हणतो."

आबांनी कोयता खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. "वा रे पोरी! सात महिने बोलून राहिली, अन् एवढाच भाव काढला?"

भूमिका रडता रडता हसली.

"आयक," आबा म्हणाले. "एक व्यापारी घडावर चुन्याची खून करून जातो, अन् कापणीवाला चुकून दुसऱ्यासाठी कापतो. मह्या जन्मात दोनदा झालं. गाडीत भरायच्या आंधी सांगितलं त पाच मिनिटाची लाज. भरल्यावर सांगितलं त जन्माचं भांडन. बुधवारी सांजपर्यंत मी थांबतो. मंग पाहुन्याले फोन करन. पन बापाच्या तोंडात काही शब्द दे, पोरी. 'पोरीचं दुसरीकडे ठरलं' म्हनलं त मान वर ठेवून माफी मागता येते. 'पोरीले वाटते बुवा' म्हनलं, त काय मागू?"

*

सोमवारी पी एकशे सतराचा फोन आला नाही.

मंगळवारीही नाही. भूमिका पडद्यासमोर बसून होती. कापूस लाल झाला, हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. प्रत्येक घंटीला काळीज उडायचं आणि कोणीतरी चांदी विचारायचं. त्याचा नंबर तिला पाठ होता. दोनदा रिसीव्हर उचलला, दोनदा ठेवला. फोन लावून म्हणायचं तरी काय? आणि तो 'हे काय भलतंच' म्हणाला तर? मेंथा तेलाचा भाव विचारणं म्हणजे काही वचन नव्हे.

बुधवारी दुपारचे चार वाजून गेले. भूमिकानं रिसीव्हर तिसऱ्यांदा उचलायला हात पुढे केला, आणि हाताखालीच फोन वाजला.

"पी एकशे सतरा." मागे यंत्रांचा गोंगाट. आवाज दमलेला. "दोन दिवस एक यंत्र बंद होतं, जेवायलाही सवड नव्हती. कापूस काय म्हणतो?"

तिनं भाव सांगितला.

"बरं." तो जरासा थांबला... आणि सवयीनं म्हणाला, "केळी लिस्टला आली का?"

भूमिकानं डोळे मिटले.

"आली."

"...काय?"

"आली म्हणते. तपशील वाचते. मध्ये बोलू नका, नाहीतर मला पुन्हा जमणार नाही." तिनं श्वास घेतला. "नाव भूमिका. वडील सुपडू. गाव साकळी, तालुका यावल. बसथांब्यापासून तिसरं घर, मागे शेवग्याचं झाड. ह्या नावाची, ह्या पत्त्याची दुसरी कोणी नाही. चुकून तुमच्या गल्लीतला दुसरा हेमराज रविवारी बघून गेला. मी नाव वाचून हो म्हटलं होतं... तुम्हीच आहात समजून. उद्या सुपारी ठरली आहे. मुदत आज संध्याकाळपर्यंत."

पलीकडे फक्त यंत्रं. मग एक दार लागल्याचा आवाज आला आणि गोंगाट बंद झाला.

"हे रेकॉर्ड होतंय ना?" त्यानं विचारलं.

"होतंय."

"मॅडम ऐकतील."

"ऐकू देत."

भूमिकाला स्वतःच्या छातीतले ठोके ऐकू येत होते. तेही रेकॉर्ड होत असतील, असं तिला वाटलं.

"ऑर्डर परत म्हणायची असते," तो हळूहळू बोलू लागला. "रोज तुम्ही म्हणता. आज मी म्हणतो. भूमिका. सुपडूआबांची. साकळी, तालुका यावल. तिसरं घर, शेवगा. एकच."

"...कन्फर्म?" तिचा आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले असावेत. पण त्याला ऐकू गेलं.

"कन्फर्म," तो म्हणाला, आणि मग सगळी शुद्ध भाषा विसरून, "माय व, कवयनं कन्फर्म शे! आखाजीपासून!"

भूमिकानं रिसीव्हर ठेवला आणि दोन्ही तळव्यांत तोंड लपवलं. मान वर केली तर काचेचं दार उघडं होतं आणि कामिनी मॅडम उभ्या होत्या. शनिवारची वाट त्यांनी पाहिली नव्हती.

"भूमिका, डीलरनं गिऱ्हाइकाला स्वतःहून काही सुचवायचं नसतं. नियम आहे."

"हो मॅडम."

"त्यातून आज दिलेली मुदतही फारच कमी होती." मॅडमनी चष्मा पुसला. "उद्या सुट्टी टाक. आणि आधी वडिलांना फोन कर, माझ्या फोनवरून कर. तो रेकॉर्ड होत नाही."

*

बुधवारी सांजेलाच सुपडूआबांनी पाहुण्यांना फोन लावला. माफी मागायला तोंड उघडलं, तर पलीकडे नरडाण्याच्या हेमराजनंच घरच्यांना सांगून ठेवलेलं: मुलगी चांगली आहे, पण पत्ता माझा नव्हता. आबा फोन ठेवून कितीतरी वेळ म्हणत होते, "गल्लीच भली शे हो ती."

गुरुवारी साडेअकराला अमळनेर-चोपड्याकडून येणारी बस साकळीला थांबली. भूमिका थांब्यावर उभी होती. तिनं त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्यानंही तिचा नाही. उद्या येतो, फोटो पाठवू का, असं रात्री त्यानं विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, नको, एकदा फोटोनं फसले.

दारातून एक पोस्टमन उतरला. मग टोपलं घेतलेली म्हातारी. मग लागोपाठ तीन तरुण. एकाच्या हातात पिशवी, एकाच्या कानाला मोबाइल, आणि तिसरा जरा ठेंगणा, सावळा, केसांत कापसाचा एक तंतू अडकलेला, शर्ट इस्त्रीचा पण एक बटण चुकवून लावलेलं. तिघांनीही इकडेतिकडे पाहिलं. भूमिका जागची हलली नाही. नुसत्या दिसण्यावर हो म्हणायचं नाही.

बस निघून गेली. धूळ बसली. पिशवीवाला गेला, मोबाइलवाला गेला. ठेंगणा तिथेच राहिला, ह्या पायावरून त्या पायावर.

"दोनदा जळगावला आलो होतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "जिन्यापर्यंत. वर नाही आलो."

"का?"

"फोनवर मी जरा बरा दिसतो."

भूमिकानं पुढे होऊन त्याच्या केसांतला कापूस काढला. बोटांत धरून ठेवला. पण बोलली नाही. अजून एक गोष्ट जुळवायची राहिली होती.

त्याला ते कळलं. त्यानं मान वर केली, आणि पहिल्यांदा, यंत्रांच्या गोंगाटाशिवाय, तारेशिवाय, त्या आवाजानं विचारलं,

"केळी लिस्टला आली का?"

"आली," भूमिका म्हणाली. "चला, आबा वाट बघतायत."